सुट्टीतली सेवा

नाताळच्या सुट्टीला चार दिवस उरले म्हणजे शहरातल्या पुष्कळ घरांतून एक ठराविक गडबड सुरू होते. महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी 'शिबिरा'ला निघालेली असते. सात दिवसांचा मुक्काम, कुठल्याशा खेड्यातली शाळा किंवा देवळाची ओसरी, बरोबर वळकटी, ताट-वाटी, विजेरी आणि टाकून द्यावयास हरकत नाही असे दोन जुने कपडे. आई लाडवांचा डबा भरते आणि थंडीचे दिवस म्हणून एक शाल अधिक कोंबते. वडील वर्तमानपत्रातून डोके वर काढून विचारतात, "तिथे जाऊन नक्की करणार काय तुम्ही?" "बंधारा!" असे उत्तर येते. ज्याने घरात कधी पाण्याची बादली उचलली नाही तो आता ओढा अडविणार, ह्या कल्पनेने आजीला हसू आवरत नाही.

आजीचे हे हसू वरवरचे नाही. त्यात एक हिशेब दडलेला आहे, आणि तो एकदा स्पष्ट मांडून पाहिला पाहिजे. शिबिर सात दिवसांचे. त्यातला पहिला दिवस जाण्यात आणि बस्तान बसविण्यात जातो, शेवटचा समारोपाच्या समारंभात. उरले पाच. रोज सकाळी चार तास श्रमदान झाले असे धरले, तर पन्नास विद्यार्थ्यांचे मिळून एक हजार तास भरतात. कसलेल्या मजुराचा दिवस आठ तासांचा. म्हणजे हे झाले सव्वाशे दिवसांचे काम. परंतु कुदळ धरण्याची सवय नसलेला हात पहिल्या दिवशी फोडांनी भरतो आणि दुसऱ्या दिवशी ते फोड फुटतात. तेव्हा त्या सव्वाशेचे साठ धरणेच न्यायाचे होईल. गावातले दहा मजूर सहा दिवसांत जेवढे काम उरकतील तेवढे पन्नास पदवीधरेच्छूंनी केले! त्यांच्या प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च मजुरीत घातला असता, तर गावच्या दहा घरी चूल पेटली असती आणि बंधाराही अधिक चांगला झाला असता. ज्या गावात माणसे हाताला काम शोधीत फिरत आहेत, तेथे फुकटचे श्रम घेऊन जाणे हा एक प्रकारचा उपमर्दच नव्हे काय, असेही कोणी विचारील. आणि त्याला चटकन उत्तर देता येणार नाही.

असे असूनही ही प्रथा शंभर वर्षांहून अधिक काळ जगात टिकून राहिली आहे. ती केवळ भाबडेपणावर टिकली असेल हे संभवत नाही. तेव्हा तिचे मूळ कोठे आहे ते पाहू गेले असता, वाट थेट युरोपातल्या एका उद्ध्वस्त गावी जाऊन पोहोचते.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील व्हर्दूनच्या परिसराची जी धूळधाण झाली तिला इतिहासात तोड नाही. त्या टापूतले एस्न हे एक खेडे. घरे जमीनदोस्त झालेली, शेते तोफगोळ्यांच्या खड्ड्यांनी चाळणीसारखी झालेली. १९२०च्या नोव्हेंबर महिन्यात तेथे निरनिराळ्या देशांतली काही मूठभर मंडळी फावडी घेऊन दाखल झाली. त्यांचा म्होरक्या होता प्येर सेरेसोल. ह्या गृहस्थाचा जन्म स्वित्झर्लंडमध्ये १८७९ साली एका प्रतिष्ठित कुळात झाला. वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. स्वतः सेरेसोल विद्येने अभियंता. लष्करी कर भरणार नाही म्हणून तुरुंगात जाणाऱ्यांपैकी तो होता. युद्ध नको असे म्हणणाऱ्याने घरी स्वस्थ बसू नये, सैनिक जितके कष्ट उपसतो तितके त्यानेही उपसावे, मात्र ते मोडण्यासाठी नव्हे तर उभारण्यासाठी, अशी त्याची विचारसरणी होती. म्हणून त्याने आपल्या तुकडीत मुद्दाम जर्मन माणसेही घेतली. ज्यांच्या देशाने ते गाव उद्ध्वस्त केले, त्यांच्याच देशबांधवांनी त्याच्या विटा रचाव्यात!

कल्पना उदात्त होती ह्यात शंका नाही. परंतु एस्नच्या लोकांना ती सोसली नाही. ज्या घरातले मुलगे नुकतेच जर्मन गोळ्यांना बळी पडले त्या घराच्या भिंतीला जर्मन हात लागावेत, हे काही गावकऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना जड गेले. काम तर झाले पाहिजे, पण ह्या हातांनी नको. अवघ्या पाच महिन्यांत, १९२१च्या वसंतात, ती छावणी आवरती घ्यावी लागली. सेवाकार्याचे गोडवे गाणाऱ्या व्याख्यानांतून ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वास्तविक ती सर्वांत आधी सांगावयास हवी. साहाय्य नाकारण्याचा अधिकार गावाला आहे, आणि एस्नने तो बजावला. सेरेसोलनेही रागावून हे काम सोडले नाही. त्याने उभी केलेली आंतरराष्ट्रीय नागरी सेवेची संस्था पुढे दरडी कोसळलेल्या आणि पुराने वाहून गेलेल्या कित्येक गावी गेली.

तीच संस्था १९३४ साली हिंदुस्थानात आली. त्या वर्षी १५ जानेवारीला दुपारी उत्तर बिहार आणि नेपाळ ह्यांना जो भूकंपाचा हादरा बसला त्यात दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. जमिनीला भेगा पडून त्यांतून वाळू आणि पाणी उसळले, शेतांवर वाळूचा थर साचला, विहिरी बुजल्या. राजेंद्रप्रसाद त्या वेळी कारावासात होते. सुटका होताच त्यांनी मदतकार्य अंगावर घेतले. सेरेसोल वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तेथे पोहोचला, आणि १९३७ पर्यंत पुनःपुन्हा येऊन सोबत्यांसह मुझफ्फरपूरच्या बाजूस पुरात बुडणारी गावे उंचवट्यावर हलविण्याच्या कामी राबला. अशा एका नव्या वसतीला शांतिपूर असे नाव पडले. राज्य इंग्रजांचे, आणि गोरा मनुष्य म्हणजे घोड्यावर किंवा खुर्चीवर बसलेला, अशी ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत, त्या लोकांनी एक गोरा मनुष्य डोक्यावर टोपी घालून मातीत राबताना पाहिला. त्याने किती टोपल्या माती वाहिली ह्याची नोंद कोणी ठेवली असेल नसेल. त्या दृश्याचे मोल मात्र टोपल्यांत मोजता येणारे नव्हते.

ह्याच परंपरेचा धागा पुढे महाराष्ट्राशी येऊन जुळला, आणि आजीच्या हिशेबाचे उत्तर तेथे सापडते. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे आणि साधनाताई ह्यांनी आनंदवन वसविले. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढे भांडवल. विहीर खणली, जमीन पिकू लागली, भाजीपाला गरजेहून अधिक झाला. तो वरोऱ्याच्या बाजारात नेला, तर कोणी विकत घेईना. झडलेल्या बोटांनी पिकविलेले वांगे घरात कसे आणावयाचे? हा रोग सहजासहजी पसरत नाही हे वैद्यकाला ठाऊक होते; परंतु बाजार काही वैद्यकाच्या ग्रंथांवर चालत नाही.

पुढे काही वर्षांतच सेरेसोलच्या त्या संस्थेचे देशोदेशींचे तरुण आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांसाठी बांधकाम केले. विटा वाहिल्या, भिंती रचल्या. वरोऱ्याची माणसे कुतूहलाने पाहावयास येऊ लागली. आणि त्यांना काय दिसले? भिंत तर दिसलीच. पण त्याहून अधिक ठळक असे दिसले की, दूरदेशची ही धडधाकट मुले रोग्यांच्या शेजारी राहतात, त्यांनी पिकविलेले धान्य आणि भाजी खातात, आणि त्यांना काही एक होत नाही. ते तरुण निघून गेले. त्यानंतर आनंदवनाची भाजी वरोऱ्याच्या बाजारात खपू लागली.

ती भिंत गवंड्यांनीही बांधली असती, आणि बहुधा अधिक ओळंब्यात बांधली असती. परंतु रोग्याच्या हातचे जेवण्यासाठी गवंडी मजुरीवर मिळत नाहीत. पैसे मोजून जे विकत घेता येत नाही असे काहीतरी पाहुण्याने आणले, तरच त्याचे येणे गावाला परवडते. आनंदवनात ते जे काही होते ते पंगतीत होते.

बाबा आमट्यांनी ही खूणगाठ मनाशी बांधली असावी असे त्यांच्या पुढल्या उद्योगावरून वाटते. चंद्रपूर जिल्ह्यातच मूलजवळ सोमनाथ येथे, १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ती भरते मे महिन्याच्या मध्यावर. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय हे तिकडच्या लोकांना निराळे सांगावयास नको. सूर्य उगवून दोन घटका होतात न होतात तोच कुदळीचा दांडा तापू लागतो. पहाटे उठावयाचे, उन्हाच्या आधी खोदकाम करावयाचे, दुपारी व्याख्यान-चर्चा, रात्री गाणी. आणि ह्या साऱ्याचे यजमान कोण? ज्यांना समाजाने घराबाहेर घातले, ज्यांनी बरे झाल्यावर त्या जंगलात शेती उभी केली, ते एकेकाळचे कुष्ठरोगी. म्हणजे सोमनाथला जो तरुण 'सेवा' करावयास जातो तो आधी त्यांचा पाहुणा होतो. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे तेथे पानावर बसल्याबरोबर उलटेपालटे होऊन जाते. छावणीला गेलेल्यांपैकी कित्येकांनी पुढे आपले आयुष्य अशाच कामात घातले.

सरकारनेही ह्या गोष्टीचा विचार केला नाही असे नाही, आणि त्या विचारात एका मराठी गृहस्थाचा वाटा मोठा आहे. १९५९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय सेवेविषयी एक समिती नेमली. अध्यक्ष चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री. समितीने शिफारस केली ती कडक होती. शालेय शिक्षण संपवून जो महाविद्यालयात जाऊ इच्छितो, त्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीची असावी. ही योजना अमलात आली नाही. खर्च अवाढव्य, आणि एवढ्या मुलांना वर्षभर राबवावयाचे कोठे आणि कसे, हा व्यवहाराचा पेच. पुढे ख्वाजा गुलाम सैयदैन ह्यांनी अनेक देशांतील प्रघात अभ्यासून सेवा ऐच्छिक असावी असे मत दिले. कोठारी आयोगानेही विद्यार्थ्यांना समाजसेवेची जोड असावी असे सांगितले. आणि अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आज तिच्यातील विद्यार्थ्यांची गणना लाखांनी होते. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा साचा. वर्ष मागितले होते, मिळाला आठवडा!

एका अर्थी ते बरेच झाले. सक्तीने वर्षभर राबणारा मुलगा गावाला नको असता आणि गावही त्याला नकोसे झाले असते. पण आठवड्याचे दुखणे निराळे आहे. तास मोजले जातात, प्रमाणपत्र मिळते, काही विद्यापीठांत चार गुणांची सवलतही मिळते. आणि मग शिबिराचा मुहूर्त गावाच्या गरजेप्रमाणे न ठरता परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरू लागतो.

बंधाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. ज्याला वनराई बंधारा म्हणतात तो अगदी साधा असतो. सिमेंटची रिकामी पोती मातीने किंवा वाळूने भरावयाची, त्यांची तोंडे शिवावयाची, ओढ्याचा तळ गाळ काढून साफ करावयाचा, आणि विटांच्या भिंतीप्रमाणे सांध्यावर सांधा येऊ न देता ती आडवी रचावयाची. फटींतून चिखल ठासावयाचा. ह्या कामाला मोठी विद्या लागत नाही, पण वेळ नेमकी साधावी लागते. पाऊस सरला आणि ओढा अजून वाहता आहे, अशा आश्विन-कार्तिकात तो घातला तर मागे पाणी तुंबते, आसपासच्या विहिरींना पाझर मिळतो, रब्बीला एखाददुसरी पाळी अधिक मिळते. नाताळात पुष्कळ ठिकाणी ओढ्याची नुसती ओल उरलेली असते. तेव्हा रचलेला बंधारा छायाचित्रात सुरेख दिसतो. त्याच्यामागे साठविण्याजोगे पाणीच नसते. गावकऱ्यांना हे दिसत नाही असे थोडेच आहे! परंतु पाहुण्यांचा विरस कसा करावयाचा, म्हणून ते गप्प राहतात, हळदीकुंकू वाहतात आणि नारळ फोडतात. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या रोपांचेही तेच. लावणारे हात पन्नास. चैत्र-वैशाखात घागरभर पाणी घालणारा एकही नाही. ह्यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा आहे. तारीख ठरविणाऱ्यांनी गावच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला एक पत्र टाकून विचारले असते, तरी पुष्कळ श्रम सार्थकी लागले असते.

हात वापरता येत नसतील तर डोळे वापरावेत, हाही एक मार्ग आहे. १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात महाराष्ट्रातून काही तरुण तिकडे गेले. अनिल अवचट हे त्यांपैकी एक. तिकडच्या अनुभवातून त्यांचे 'पूर्णिया' हे पहिले पुस्तक १९६९ साली बाहेर पडले. तेथे त्यांच्या हातून मदतीचे काम किती झाले, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही. भूक ही केवळ पावसाने आणलेली नसून ती जमिनीच्या मालकीत आणि सावकाराच्या वहीत मुरलेली असते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि मराठी वाचकाच्या घरात आणून ठेवले. पाहून आलेल्याने नीट सांगणे हीदेखील मजुरीवर न मिळणारी वस्तू आहे.

आणि आता मेळघाट. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा आणि धारणी ह्या तालुक्यांतील बालमृत्यूंच्या बातम्यांनी १९९०नंतरच्या दशकात महाराष्ट्र हादरला. ही मुले वर्षभर सारख्या संख्येने दगावत नसत. पावसाळ्यात घरचे धान्य संपत आलेले असते, आई-बाप पहाटेच शेतात जातात, पाणी गढूळ होऊन जुलाब सुरू होतात, लहानग्यांच्या छातीत कफ भरतो, आणि नेमकी त्याच वेळी ओढे फुगून पायवाटा बंद होतात, त्यामुळे दवाखाना नकाशावर असला तरी पायाला सापडत नाही. पुण्याच्या 'मैत्री' ह्या संस्थेने १९९७ साली जी धडक मोहीम काढली तिचा सारा आधार हे वेळापत्रक होते. स्वयंसेवकांनी यावयाचे ते पावसाळ्यात, जेव्हा कोणी सुखासुखी तिकडे जात नाही तेव्हा, पाड्यावरच राहावयाचे, आणि एक तुकडी परतली की दुसरीने तिची जागा घ्यावयाची. एकेका तुकडीचे दिवस थोडे, पण तुकड्यांची साखळी जोडून सारा धोक्याचा काळ निभावून न्यावयाचा.

काम ऐकावयास अगदी किरकोळ वाटते. रोज सकाळी घरोघर जाऊन पाहावयाचे, कोणते मूल आज निपचित आहे, कोणाला जुलाब होत आहेत, कोणाचा श्वास जलद चालला आहे, कोणती बाई बाळंतपणाला टेकली आहे. मीठ-साखरेचे पाणी कसे आणि किती पाजावयाचे ते दाखवावयाचे. मूल अत्यवस्थ वाटले तर त्याला दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी आईला राजी करावयाचे. शेवटचे काम सर्वांत कठीण. घरात बोलली जाते ती कोरकू, आणि तिचा मराठीशी जन्माचा संबंध नाही. शहरातून आलेल्याच्या जिभेवर तिचे चार शब्द चढेपर्यंत परतण्याचा दिवस येतो. शिवाय घरी दुसरी दोन मुले, शेतात काम, आणि भगताचा सल्ला वेगळाच. अशा वेळी आईने नाही म्हटले तर तिला अडाणी ठरविणे सोपे आहे. त्या ओसरीवर भिजत बसून राहणे आणि दुपारी पुन्हा जाऊन विचारणे कठीण आहे. एस्नच्या गावकऱ्यांप्रमाणे तिलाही नाही म्हणण्याचा अधिकार आहे, आणि येथे त्या नकाराची किंमत एखादे मूल असू शकते. ह्या पेचातून मार्ग काढण्याचे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही. पाड्यावरच्या एखाद्या अनुभवी बाईच्या मागे मागे, चिखलातून, निमूटपणे चालत राहिले तर थोडेसे मिळते.

बंधाऱ्याला निघालेल्या त्या मुलाचे किंवा मुलीचे पुढे काय होते? आठ दिवसांनी ती घरी येते. तळहातावर वाळलेले फोड, आवाज बसलेला, शाल कोठेतरी विसरलेली. वडील विचारतात, "झाला का बंधारा?" तर बंधाऱ्याविषयी दोनच वाक्ये बोलून ती ज्या घरी भाकरी खाल्ली त्या घराविषयी अर्धा तास बोलते, त्या घरची मुलगी हुशार आहे, पण दहावीनंतर एस. टी.ची सोय नाही म्हणून बसून आहे, असे काहीसे. वडील वर्तमानपत्र बाजूला ठेवतात. एस. टी.साठी अर्ज कोणाकडे करावयाचा ह्याची घरात चर्चा सुरू होते. आजी मात्र लाडवांच्या रिकाम्या डब्याकडे बोट दाखवून विचारते, हे किती दिवस पुरले? ते कोणत्याही शिबिरात पहिल्या रात्रीच संपतात.